ऑरिनला सांग

क्लेटन प्रुइटने मेजावर मूठ आपटली तशी सिरपची बाटली आडवी झाली आणि मेपलचा पाक त्याच्याच अंड्यांच्या दिशेने वाहू लागला.

"खुनी आहेत साले!" तो ओरडला. "शंभर वर्षं झाली म्हणून रस्ताभर झेंडे लावलेत, आणि इकडे माणसं मारतायत!"

वर्नाने बाटली उभी केली, कागदी रुमालाने पाक टिपला आणि नवऱ्याची बशी बाजूला सरकवली. शनिवारी सकाळी डनमोर मोटर्सच्या निवृत्त कामगारांनी या खानावळीत जमायचं, हा इस्टन फॉल्समधला जुना रिवाज. बायका सोबत येत, कॉफी पीत, ऐकत. आज सगळी टेबलं एकाच विषयावर बोलत होती. परवा संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली होती. मेरिडियन नावाच्या सगळ्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाला वीज देणारा एक जोड तापला की सुटतो, इंजिन चालता चालता बंद पडतं, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेक दबत नाही. कंपनीला हे कित्येक वर्षं ठाऊक होतं, असंही बातमीत सांगितलं होतं.

वर्नाला ते बातमीच्याही आधीपासून ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारापाशी, वळणावर, तिची मेरिडियन अशीच बंद पडली होती. समोरून ट्रक येत होता. शेजारच्या सीटवर तिची धाकटी बहीण नेडा बसली होती. वर्ना कुबड्या घेऊन हॉस्पिटलातून घरी आली. नेडा आली नाही.

"वकील गाठ, क्ले," समोरचा बड म्हणाला. "आणि त्या टीव्हीवाल्यांना. युनियनच्या हॉलपाशी त्यांची गाडी उभी आहे बघ."

"ती पण जपानी," ल्यूथर म्हणाला. "परकी म्हणून आपल्या आवारात आत घेतली नाही, बाहेर गवतात लावायला लावली."

"मी बोलणार आहे टीव्हीवर," क्लेटन म्हणाला.

"तू? अरे, तोंडाला पावडर फासतात तिथं. तुझ्या टकलालाच डबाभर लागेल."

सगळे हसले. क्लेटन हसला नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि आवाज खानावळीच्या पार टोकाला पोचत होता.

"माझ्या बायकोनं नऊ वर्षं भोगलंय, ल्यूथर. कुणाच्या पापाचं? आणि मी पहिल्यापासून म्हणत होतो, त्या गाडीत काहीतरी गडबड आहे म्हणून!"

वर्नाचा रुमालाचा हात मेजावर तसाच थांबला.

ती मान वळवून नवऱ्याकडे बघत राहिली. तो मुद्दाम खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसलं. परवा संध्याकाळपासून आत्तापर्यंत कधीतरी त्याने स्वतःची तशी खात्री करून घेतली होती, आणि आता ते त्याला खरंच वाटत होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ते ऑरिनला सांग," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. ऑरिन टेबर हा नेडाचा नवरा.

"सांगू की," क्लेटन म्हणाला. "सांगू. त्यात काय."

बडने कॉफीच्या कपात डोकं घातलं.

दोघं पिकअपमधून घरी निघाले. मेन स्ट्रीटवर दर खांबाला निळा झेंडा होता, 'डनमोर : शंभर वर्षं, एक कुटुंब.' बग्ग्या बनवणाऱ्या म्हाताऱ्या डनमोरचा पुतळा घासूनपुसून लख्ख केला होता. त्याच्या पलीकडे नदीकाठचा पहिला कारखाना. त्याच कारखान्यात क्लेटनचा आजा संपात आत ठाण मांडून बसला होता आणि आजी बाहेरून खिडक्यांतून पाव फेकत होती. पुढे युद्धात तिथेच रणगाडे झाले. क्लेटनचा बाप तिथे, क्लेटन तिथे. सगळ्या गावालाच ती कंपनी आईबापासारखी होती. त्यातून क्लेटन तर शेवटच्या तपासणीवर. तयार गाडीवर त्याचा शिक्का बसल्याशिवाय ती फाटकाबाहेर जात नसे.

म्हणून तर त्याचा शब्द चालला.

हॉस्पिटलात तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. शेरिफचा माणूस बाहेर उभा होता. पायाला वजन टांगलेल्या अवस्थेत तिने नवऱ्याचा समजूतदार, थकलेला आवाज ऐकला होता. "डनमोरची गाडी अशी चालता चालता बंद पडत नाही हो. आयुष्य घालवलंय मी त्यात. बायको माझी जरा घाबरट आहे. पाय चुकला असणार तिचा." शेरिफच्या माणसाने ते लिहून घेतलं, विमेवाल्यांनी तसंच्या तसं उचललं, आणि आठवड्याभरात गावाने. सख्खा नवरा, तोही तपासणीवरचा, बायकोच्या विरुद्ध सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार?

त्याने ते दुष्टपणाने म्हटलं असतं तर तिला सोसलं असतं. "इंजिन आधी बंद पडलं, क्ले," असं ती नंतर कितीदा तरी म्हणाली. दर वेळी तो तिचा हात थोपटायचा. "होतं असं माणसाकडून. कुणी तुला दोष देतंय का?" हळूहळू तिने बोलणं सोडलं. त्याच्या पुढची पायरी अशी की काही रात्री तिला स्वतःलाच आठवेनासं झालं, आधी इंजिन बंद पडलं की आधी पाय चुकला.

आणि ऑरिन. दोन गल्ल्या सोडून त्याचं घर. दफनाच्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. ती दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. चर्चमध्ये त्याने बाक बदलला. एकदा दुकानात ती समोर आली तर सामानाची ढकलगाडी भर वाटेत टाकून निघून गेला. ती ढकलगाडी वर्नाने नीट बाजूला लावली होती. आपल्याला हे मिळायचंच, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

"तू माझ्यावर का चिडतेस?" क्लेटनने शेवटी विचारलं. "त्या जोडाला मी हातसुद्धा लावलेला नाही. तो बाहेरून तयार येतो."

"मी जोडाबद्दल बोलतच नाहीये."

"मग?"

"तुला कळतंय, मग काय ते."

घरी आल्यावर त्याने कंपनीचं निळं जॅकेट खुंटीवरून ओढलं आणि मागच्या दारी कचऱ्याच्या डब्यात कोंबलं. ते तिला दिसेल असं कोंबलं. मग फोनला लागला. वकील सोमवारी यायला तयार होता. टीव्हीवाल्या बाईंना दोघांना एकत्र, सोफ्यावर बसलेलं हवं होतं.

"एकत्र," तो फोनवर हात ठेवून म्हणाला. "तुझ्याशिवाय अर्थ नाही म्हणतात."

"मी वकिलापुढे बसणार नाही आणि टीव्हीपुढेही नाही," वर्ना गाजरं सोलत म्हणाली. "आधी ऑरिनकडे चल. हॉस्पिटलात तू काय बोललास ते त्याला सांग. मी खरं सांगत होते, हेही सांग. मग बघू."

"अगं, त्यानंही बातमी ऐकलीच असेल की!"

"मग तुला सांगायला सोपं जाईल."

"हे बघ, त्या लोकांना मी कोर्टात खेचतो. पार वरपर्यंत जातो. तुला अजून काय पाहिजे?"

"दोन गल्ल्या," ती म्हणाली.

तो फोन ठेवून गॅरेजमध्ये गेला आणि अंधार पडेपर्यंत काहीतरी ठोकत बसला.

रविवारी चर्च सुटल्यावर ते गेले. क्लेटन सुटाबुटात होता. वर्ना पुढे चालत होती. जुनं दुखणं असलेला पाय थंडीत आखडत होता, पण तिने त्याचा हात धरला नाही. ऑरिन शिडीवर उभा राहून व्हरांड्याच्या खिडक्यांना हिवाळ्याच्या जादा काचा बसवत होता. फाटक वाजलं तसं त्याने वळून बघितलं. या वेळी ओलांडायला रस्ता नव्हता. तो खाली उतरला, काच भिंतीला टेकवून ठेवली आणि पँटला हात पुसले. तो खूपच म्हातारा झाला होता.

"ऑरिन," क्लेटनने घसा साफ केला. "बातमी ऐकली असशीलच तू. त्या हरामखोरांनी..."

"क्ले," वर्ना म्हणाली.

"सांगतोय ना! तर ऑरिन, मी आलो ते अशासाठी, की त्या वेळी म्हणजे, तेव्हा परिस्थितीच अशी होती..."

"मला माहीत होतं," ऑरिन म्हणाला.

तो क्लेटनकडे बघतच नव्हता. तो वर्नाकडे बघत होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय माहीत होतं?" तिने विचारलं.

"आमची मेरिडियनही बंद पडायची. ती हिरव्या रंगाची होती ना, ती. दोनदा बंद पडली, एकदा तर रेल्वेच्या रुळांवर. नेडा म्हणाली, मी नाही आता हिच्यात बसत." त्याने पुन्हा पँटला हात पुसले. "म्हणून त्या दिवशी मी म्हटलं, वर्नाच्या गाडीतून जा. मला वाटलं, आमचाच एक नग खराब निघालाय. एखादा निघतो तसा. तुझी पण तीच गाडी, हे डोक्यातच आलं नाही."

वर्नाने व्हरांड्याचा खांब धरला.

"आणि नंतर?"

"नंतर आलं डोक्यात."

"कधी?"

"त्याच रात्री."

रस्त्यावरून एक गाडी गेली. आतल्या कुणीतरी ओळखीचा हात केला. तिघांपैकी कुणीही हात केला नाही.

"बोललास का नाहीस?"

"मेरिडियनवर दुसरी पाळी नुकतीच सुरू झाली होती. ती गाडी पडली असती तर कारखाना पडला असता. सगळे तेच म्हणत होते, मेरिडियन चालली तर गाव चालेल. आणि मग ह्यानं सांगितलं..." ऑरिनने हनुवटीने क्लेटनकडे खूण केली. "तपासणीवाल्यानंच सांगितलं, गाडी ठीक आहे म्हणून. मला वाटलं, झालं. आता माझ्या बोलण्यानं नेडा थोडीच परत येणार आहे."

"मला वाटायचं, माझं तोंड बघायची तुला किळस येते."

"मला बघवत नव्हतं तुझ्याकडे. ते वेगळं."

"ती हिरवी गाडी कुठाय?"

ऑरिनने भिंतीला टेकवलेली काच उगाच सरळ केली.

"कुठाय, ऑरिन?"

"विकली. महिन्याभरात. डीलरकडे देऊन दुसरी घेतली."

"त्यानं कुणाला दिली?"

"मी विचारलं नाही."

इथे क्लेटनचा बांध फुटला. तो दोन पायऱ्या चढून ऑरिनच्या अंगावर गेला आणि त्याच्या छातीवर बोट रोवून ओरडायला लागला. "नऊ वर्षं! नऊ वर्षं मूग गिळून बसलास तू! सगळं खापर माझ्या बायकोवर फुटलं आणि तू इथं खिडक्या बसवत राहिलास! तू माणूस आहेस की कोण आहेस? तिची सख्खी बहीण गेली रे! आणि ती गाडी तू दुसऱ्या कुणाच्या तरी पोराबाळांच्या गळ्यात बांधलीस!" समोरच्या घराचा पडदा हलला. ऑरिन हात खाली सोडून उभा होता.

वर्ना नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. बोलला त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिला स्वतःला हे सगळं म्हणायचं होतं, याहून वाईट शब्दांत म्हणायचं होतं. पण तिला त्याचे खांदे दिसत होते. कालपासून कानाशी चढून बसलेले ते खांदे आता खाली उतरले होते. आवाजात जोर होता, जवळजवळ उत्साह होता. पाठीवरचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकता आलेल्या माणसाचा उत्साह.

"चल, वर्ना," तो वळून म्हणाला. "या माणसाच्या दारात आता एक मिनिट नाही थांबायचं. हा पण येईल कोर्टात, बघतोच मी." त्याने तिच्यापुढे कोपर धरलं.

वर्ना हलली नाही. मग ती त्याच्या बाजूने पायऱ्या चढून वर गेली. व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर खिळ्यांचा डबा होता. तो तिने उचलून जमिनीवर ठेवला आणि खुर्चीत बसली. दुखरा पाय लांब केला.

"वर्ना," ऑरिन म्हणाला. "मी तुला..."

"तुझ्याशी मला बोलायचंय, ऑरिन. पुष्कळ बोलायचंय, आणि तुला ते आवडणार नाही. पण तुझी पाळी नंतर." तिने मांडीवर हात ठेवले. "क्ले, आपण ज्याच्यासाठी आलो होतो ते झालेलं नाही."

"आता? आता याला सांगू? हा स्वतः..."

"हो."

"पण त्याला सगळं आधीच माहीत होतं! तोच म्हणाला आत्ता!"

"त्याला गाडीचं माहीत होतं," वर्ना म्हणाली. "तुझ्या तोंडून त्यानं अजून काही ऐकलेलं नाही."

क्लेटनने कोपर खाली घेतलं. त्याने ऑरिनकडे बघितलं, मग फाटकाकडे. रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरचा पडदा अजून थोडा उघडा होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

वर्ना वाट बघत बसली. तिला घाई नव्हती.

"हॉस्पिटलात," क्लेटन पायऱ्यांकडे बघत म्हणाला, "शेरिफच्या त्या माणसाला मी..."

पुढचं ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं," वर्ना म्हणाली.