वरच्या मजल्यावरच्या लुंग्या

दॉ ओन मेच्या मुलाला राजपुत्राचे कपडे घालून घोड्यावरून विहारात नेलं, डोकं भादरलं आणि चीवर दिलं, ते साल दोन हजार चार. त्याच वर्षी ब्रह्मदेशातल्या मोन्यवाच्या बाजाररस्त्यावर तिचं दुमजली दुकान उघडलं. नातवाच्या समारंभात तिचे वडील ऊ सान टिन सगळ्यांच्या पुढे, सतरंजीवर ताठ बसले होते. दुकानाच्या उद्घाटनाला मात्र ते आले नाहीत.

दुकानात खाली तेल, तांदूळ, साबण, सुकी मासळी आणि वर बायकांच्या लुंग्या होत्या. हे ओन मेने विचार करून ठरवलं होतं. पोरवयात चिंडविन नदीच्या धक्क्यावर डोक्यावर गाठोडं घेऊन ती लुंग्या विकायची. मग बाजारात एक ओटा मिळाला, मग दोन. एवढ्या वर्षांत एक गोष्ट तिला पक्की कळली होती. लुंगीसाठी बाई कितीही जिने चढते, तेलाचा डबा घेऊन कोणी एक पायरी उतरायला तयार नसतं.

पण ऊ सान टिन आयुष्यभर नदीवरच्या बोटीचे सारंग होते. त्यांच्या बोटीच्या टपावर बाई कधी बसली नाही, की बाईची ओली लुंगी कधी वाळत पडली नाही.

"मी खाली साबण घेतोय आणि माझ्या डोक्यावर बायकांच्या लुंग्या टांगलेल्या," ते म्हणाले. "पुरुषाचं तेज राहील का?"

"अफे, मध्ये सिमेंटचा स्लॅब आहे," ओन मे बापाला म्हणाली.

"स्लॅबला काय कळतं?"

गावातले बाकीचे पुरुष आधी दारात घुटमळले. मग साखर स्वस्त आहे असं कळल्यावर मुकाट आत आले. वडील तेवढे समोरच्या चहाच्या दुकानात बसून राहत. ओन मेला गल्ल्यावरून त्यांची पाठ दिसायची. चहावाला मुद्दाम चिडवायचा, "सारंग, लेकीकडे साखर स्वस्त आहे म्हणतात."

"असेल. मी गोड कमी केलंय."

दुपारी ते उठून चिंचेखाली जायचे. तिथे धाकट्या मुलाची, ल्विनची सायकल दुरुस्तीची टपरी होती. ती निम्मा वेळ बंदच असायची. तिच्यासमोर खुर्ची टाकून ऊ सान टिन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बसा ना, आमचंच दुकान आहे."

हे कानावर आलं तेव्हा ओन मेने जेवताना विचारलं, "ल्विनची टपरी आमचं दुकान. मग माझं कोणाचं?"

"तुझं तुझं आहे. छान चाललंय. ऐकतो ना मी."

तिने घास तसाच ताटात ठेवला. वडील मासळीचे काटे काढत राहिले.

दुसऱ्या वर्षी नववर्षाचा पाण्याचा सण संपला आणि तिने सगळा माल उलटापालटा करायला घेतला. लुंग्या खाली, तेल-तांदूळ वर. दुकानातली मा एई डबा उचलता उचलता थांबली.

"दॉ, तेलासाठी गिऱ्हाईक वर चढेल?"

"चढेल."

"माझी आई नाही चढणार."

"तुझ्या आईला मी स्वतः आणून देईन. उचल."

अफे आले. स्वच्छ पांढरा अंगरखा घालून आले. उंबऱ्याशी चपला काढल्या आणि तिथेच उभे राहिले. दोन्ही बाजूंना दोरीवर लुंग्या लोंबत होत्या. वाऱ्याने एक हलली तसे ते मागे सरकले.

"यांच्यातून जायचं?"

"मी बाजूला धरते ना. तुमच्या डोक्यावर आता फक्त तांदूळ आहे, अफे."

"आणि जिना? माझे गुडघे…"

"खाली बसा. खुर्ची आणते."

"बायकांच्या लुंग्यांत बसू? तू उगीच त्रास घेतलास."

"त्रास घेऊन झालाय. आता आत तरी या."

त्यांनी चपला पुन्हा पायात सरकवल्या. "गर्दी कमी असली की येतो." दुकानात तेव्हा एकही गिऱ्हाईक नव्हतं. बोटीत जागा नसली की ते उतारूंना याच आवाजात म्हणायचे, पुढच्या खेपेला नक्की.

तेलाची विक्री बसली. कोपऱ्यावर नवं दुकान निघालं, म्हाताऱ्या तिकडे वळल्या. पावसाळ्यात भिक्खूंचा वर्षावास लागायच्या आत ओन मेने सगळा माल परत होता तिथे लावला. मा एईने डबे उतरवले.

ल्विन मदतीला आला होता. "अमा, अख्ख्या गावाला काय हवं ते तुला कळतं," तो थोरल्या बहिणीला म्हणाला. "म्हाताऱ्याचा नाद सोड."

"तुझं काय जातं सांगायला? तुझ्या दारात बसतात ते."

"माझ्याकडे विकायला काही नाही म्हणून बसतात. तुझ्याकडे येऊन ते करतील काय? माल तू आणतेस, भाव तू ठरवतेस. सारंगाला नुसतं उतारू होऊन बसायला लावतेस तू."

तिला हे पटलं नाही. पटलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण गल्ला दुसऱ्याच्या हातात द्यायला ती तयार नव्हती.

तिचा धंदा वाढला. श्वेबोच्या रस्त्यावर तिने दुसरं दुकान काढलं आणि ते मुद्दाम एकमजली बांधलं. पत्र्याचं छप्पर, वर आभाळ. लुंग्या मागच्या वेगळ्या खोलीत ठेवल्या. पहिल्या दिवशी तिने वडिलांसाठी तीनचाकी पाठवली. ती रिकामी परत आली. अफे म्हणाले होते, फार लांब आहे.

ऊ सान टिन दोन हजार नऊ साली, कार्तिकातल्या दिव्यांच्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ल्विनच्या घरी वारले. लेकीच्या एकाही दुकानाचा उंबरा त्यांनी शेवटपर्यंत ओलांडला नाही.