घरभर टायफॉइड

डॉक्टरीणबाईंच्या दिराचा ताप काही हटेना. बाईंनीच त्याचं रक्त लॅबमध्ये पाठवलं होतं आणि टायफॉइड ओळखायची विडाल चाचणी पॉझिटिव्ह येताच त्यावरच्या गोळ्याही त्यांनीच सुरू केल्या होत्या. गोळ्या संपत आल्या, ताप मात्र ठाण मांडून बसला. आज तर त्याला धाप लागली, तशा बाई त्याच्या खाटेशी येऊन बसल्या.

"भाऊजी, लपूनछपून काही खाल्लंत का?"

"वहिनी, पाणी घशाखाली उतरत नाही, खाऊ काय?"

जाऊ म्हणाली, "गोळ्या बदलून जास्त जोराच्या द्या ना."

पण बाईंच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. ही चाचणी काही जंतू दाखवत नाही, जंतूंशी लढायला शरीराने केलेली प्रतिपिंडं दाखवते. ती आत्ताची की जुन्या दुखण्याची, कुणी सांगावं? इथे तर नळाच्या पाण्यातून टायफॉइड सगळ्यांच्याच ओळखीचा.

बाईंनी स्वतःचं रक्त काढलं आणि नवऱ्याला हात पुढे करायला सांगितला.

"मी चांगला धडधाकट आहे, मला कशाला टोचतेस?"

"म्हणूनच."

दुपारी लॅबवाल्याचा फोन आला, तेव्हा नवरा तिसऱ्यांदा वाढून घेत होता. "बाई, दोघंही पॉझिटिव्ह, तुमच्या दिरांइतकेच. घरात साथ शिरली वाटतं. विश्रांती घ्या."

बाईंनी नवऱ्याच्या भरल्या ताटाकडे पाहिलं आणि तशाच उठल्या. दीर माळी होता, दिवसभर मैदानावरचं गवत कापायचा. चाचणीचा कागद हातात आल्यावर त्याचं अंग नीट बघायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी त्याचा सदरा उतरवला, हात वर करायला लावला. काखेत काळी खपली होती, न दुखणारी. गवतातला बारीक किडा चावला की अशी होते, आणि त्यातून येणाऱ्या तापाचं औषधच निराळं.

तासाभरात तो इस्पितळात होता. नव्या औषधाने ताप उतरला, धाप बसली. उशीला टेकून त्याने विचारलं, "म्हणजे मला टायफॉइड नव्हताच?"

"नव्हता."

"मग होता कुणाला?"

"कागदावर बघाल तर मला आणि तुमच्या दादांना," बाई म्हणाल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पुढचा तापाचा रोगी आला, तेव्हा त्यांनी आधी त्याचा सदरा काढायला लावला.