निळ्या काचेची खूण

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. बुऱ्हाणपुरात, लालबागेतल्या एका खिडकीत टांगलेला. माझी काच निळी आहे आणि तिचा मला राग येतो.

पूर्वी ती साधीच होती. केळीचा व्यापार करणाऱ्या गिरधरचा मी कंदील. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, पण निजामाची हद्द अजून वेगळी होती. आपल्या सरकारच्या एका साहेबाने गिरधरला गुपचूप काम दिलं. केळीची गाडी घेऊन पलीकडे जायचं, निजामाच्या माणसांच्या बंदुका कुठे आहेत ते पाहून यायचं. तिथल्या एका गावात त्याची बहीण भागाबाई नांदत होती. साहेबाने मला निळी काच बसवली आणि गिरधरने मला बहिणीकडे ठेवलं. दारात निळा दिवा दिसला तर वाट मोकळी. नाही दिसला तर ज्वारीतूनच मागे फिरायचं.

"सासूलासुद्धा सांगायचं नाही," अशी साहेबाची ताकीद. भागाबाईने देवापुढे शपथ घेतली.

दोन खेपा नीट झाल्या. गिरधरच्या खबरेने हद्दीवरचं एक गाव जळता जळता वाचलं. मी फुशारलो.

तिसऱ्या खेपेला साहेबाने काळोख हवा म्हणून आषाढी अमावास्या निवडली. अरे, ती तर दिव्याची अवस! घरातला प्रत्येक दिवा घासून पुजायचा दिवस. पण गिरधरच्याही ध्यानात आलं नाही. दिवे घासतात बायका. पुरुष कणकेचे गोड दिवे खायला बसतात. आणि बायकांना विचारतो कोण?

त्या दिवशी गावात निजामाचे बंदूकवाले उतरले. भागाबाईने मला कोठीमागे दडवलं. दुपारी ती बाहेरची झाली आणि ओसरीच्या कोपऱ्यात वेगळी बसली. दिवेलागणीला तिच्या सासूने, गोदाबाईने, मला शोधून काढलं, पुजलं, लावलं आणि दारात टांगलं.

"आत्याबाई, तो नका लावू!"

"का गं? माहेरचा दिवा म्हणून लपवते का? तुझं तेल काय आम्ही पिऊन टाकतो?"

"पाया पडते, विझवा."

"आजच्या दिवशी विझवा म्हणते! आणि शिवू नको हं."

समोर चावडीत बंदूकवाले. खरं सांगणार कसं? ती क्षणभर घुटमळली. मग विटाळ विसरून धावली आणि मला विझवलं. तोवर गिरधर अंगणात पोचला होता. पाटावरचे दिवे पाहून हसला.

"ताई, आज अवस का! मग माझे गोड दिवे कुठं आहेत?"

अंधारात आलेला परका माणूस पाहून चावडीतून बंदूकवाले धावले. त्याला बांधून नेलं.

पुढे निजामाची हद्द पुसली गेली. पेढे वाटले, तुरुंग उघडले, कितीतरी जण घरी आले. गिरधर आला नाही. भागाबाईने मला माहेरी आणून दिलं. त्याची बायको सोजरबाई मला हातात घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेली.

"हमारे यहाँ ऐसा कोई आदमी था ही नहीं, बाई."

"मग ही काच कोणी बसवली? बरं, ते राहू द्या. कुंकू लावू का पुसू, एवढं तरी बोला!"

साहेबाने दार लावून घेतलं. एक शब्द, मित्रांनो! तोही त्याला जड झाला!

गोदाबाईने पुन्हा कधी दिव्याच्या अवसेला दिवा लावला नाही. त्या भोळ्या बाईला दोष देऊ नका. दोष गुपिताचा आहे, आणि गुपित राखून मोठं होणाऱ्यांचा.

सोजरबाई अजून कुंकू लावते. रोज सांजेला माझी काच पुसते, मला लावते, हात जोडते आणि हळूच म्हणते, "वाट मोकळी आहे हो. या."

तिच्यामागे माझी काच तुम्ही पुसा, मुलांनो. आणि कोणी विचारलं, हा दिवा कोणासाठी, तर गिरधरचं नाव मोठ्याने घ्या. बंगल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.