कोल्हिणीच्या गळ्यातले दिवस

मी एक जुना जीपीएस आहे, काडेपेटीएवढा, स्वस्तातला. रानातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका ताईला महागडी यंत्रे परवडेनात, म्हणून तिने सुटे भाग जोडून मला घरच्या टेबलावर बनवले. मी कुठे आहे हे उपग्रहांच्या मदतीने ओळखायचे आणि तिच्या फोनवर कळवायचे, एवढेच माझे काम.

मित्रांनो, तिने आधी माझी परीक्षा घेतली. मोकळ्या मैदानात खांबाला बांधले, तेव्हा मी जागा बरोबर सांगितली. दाट झाडीत मात्र माझी भंबेरी उडाली! होतो झाडाखाली आणि फोनवर दिसत होतो ओढ्यापलीकडे.

तिचे मामा जनावरांचे डॉक्टर. ते हसून म्हणाले, "अगं, हा तर बसल्या जागी हिंडून येतो!"

"हिंडू दे, मामा. झाडीत किती बहकतो ते कळलं ना, मग तेवढं धरून चालायचं."

पुढे मामांनी एका कोल्हिणीला भूल दिली आणि ताईने मला पट्ट्यात बसवून तिच्या गळ्यात बांधले. तिच्या मानेची ऊब, धावतानाची धाप, पट्ट्याला लोंबकळणारी पिल्ले... ते दिवस सोन्याचे होते.

एका सकाळी कुणीतरी टाकलेल्या कुंपणाच्या तारेत तिचा पाय अडकला. ती हिसके देऊन थकली, पडून राहिली. मी जागा कळवत राहिलो. कोल्हीण हलत नाही हे फोनवर पाहून ताई आणि मामा धावत आले, पण भलतीकडेच!

"इथे काहीच नाही गं. चल परत," मामांचा आवाज आला.

"नाही मामा, झाडी दाट आहे. बहकला असेल तो. सगळीकडून फिरून बघू या ना."

मला हाक मारता येत नव्हती. कोल्हीण क्षीण कण्हली. आणि पाने बाजूला सारत ताई ओरडली, "मामा, सापडली!"

तार कापली, पाय वाचला. मग मामांनी माझ्या पट्ट्याखाली बोट घातले. तिथले केस झडून कातडी लाल झाली होती.

"हिला काचतोय गं हा."

ताईचा अभ्यास अर्ध्यावर होता. तरी तिने स्वतःच पट्टा सोडला. कोल्हीण लंगडत पिल्लांकडे गेली. मी गवतात पडून तिच्याकडे बघत राहिलो.

आता ताई मऊ, आपोआप गळून पडणारा पट्टा शिवते आहे. कोल्हीण कुठे असेल, मला ठाऊक नाही. मित्रांनो, ज्याला जीव लावाल, त्याच्या पट्ट्याखाली अधूनमधून बोट घालून बघा. माया खूप करावी, पण ती काचू देऊ नये.