मावशींच्या फाटकावरचा चोंबड्या

मी एक जुना अलार्म आहे मित्रांनो, आणि माझा देह दोन ठिकाणी आहे. डोळा फाटकाच्या खांबावर आणि तोंड घरात. वाटेवरून कुणी आत आलं की डोळा टिपतो आणि तोंड बोंब मारतं. मध्ये ना तार, ना दोरी. कारखान्यात एका बाईंनी माझ्यासमोर हात हलवला, मी ओरडलो आणि त्या म्हणाल्या, "हा पास." आयुष्यातली माझी ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं ते शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या लेकीनं. मावशी घरात एकट्याच. शिलाई मशीन मागच्या खोलीत, आणि पुढचं दार सताड उघडं, कारण गिऱ्हाईक येणार. मशीन एकदा धावू लागलं की कानाशी ढोल बडवला तरी मावशींना पत्ता नसायचा. एका दुपारी कुणीतरी पुढच्या खोलीतून एका गिऱ्हाइकाचे शिवून ठेवलेले चार ड्रेस उचलून नेले. मावशींना ते कळलं संध्याकाळी. गिऱ्हाइकापुढे मान खाली घालावी लागली, ते त्यांना चोरीपेक्षा जास्त लागलं.

लेक धावत आली. "आई, पुरे झालं. आता माझ्याकडे राहायला चल."

"आणि माझं मशीन? माझी गिऱ्हाइकं? अगं, इथे मी घरची मालकीण आहे. तुझ्याकडे मी पाहुणी होईन."

बराच वाद झाला. शेवटी लेकीनं मला खांबावर बसवलं आणि बजावलं, "महिनाभर बघते. मी न सांगता येईन. तुला कळायच्या आत तुझ्यापर्यंत पोचले, तर सामान बांधायचं."

म्हणजे बघा, मावशींचं घर राहणार की जाणार, हे माझ्यावर येऊन पडलं होतं. मी छाती फुगवून बसलो.

पण झालं भलतंच. नवं कापड बेतण्याआधी मावशी ते भिजवून वाळवतात, म्हणजे शिवल्यावर कपडा आटत नाही. आणि वाळत घालायची दोरी नेमकी माझ्या पुढ्यातून गेलेली! वारा आला की उन्हानं तापलेलं पाच-सहा मीटर कापड माझ्यासमोर नाचायचं. मी इमानेइतबारे ओरडायचो. मावशी मशीन थांबवून धापा टाकत दारात यायच्या, तर कुणीच नाही. दिवसातून दहा वेळा हाच प्रकार.

"मेला चोंबड्या! उगाच बोंबलतोय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझं नाव पडलं चोंबड्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं तोंड बटणांच्या डब्यात घातलं, वर चिंध्या कोंबल्या आणि झाकण घट्ट लावलं. मला राग आला, खरंच सांगतो. माझं काय चुकलं होतं?

आठवड्यानं लेक आली. फाटक, वाट, उघडं दार. मी जीव तोडून ओरडलो, पण मशीनच्या खडखडाटात डब्यातला आवाज कुठला पोचतोय! लेकीनं मागून खांद्यावर हात ठेवला. मावशी अशा दचकल्या की सुईखालचं कापड तिरकं गेलं.

"मी चोर असते तर?" लेकीचा आवाज रडवेला झाला होता. "रविवारी बॅग घेऊन येते, आई."

दुसऱ्या दिवशी मावशींनी समोरच्या वायरमनला बोलावलं. "हे काढून ने बाबा. यानं माझं घर घालवलं."

वायरमननं वाळत घातलेलं कापड पाहिलं, मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, याच्या डोळ्यापुढे पडदा तुम्हीच नाचवताय, आणि ओरडला की तोंडात बोळाही तुम्हीच कोंबताय. नाचता येईना अंगण वाकडं!"

मावशी ओशाळल्या, मग खुदकन हसल्या, आणि मग कंबर कसून कामाला लागल्या. दोरी घराच्या मागे गेली. वायरमननं मला कमरेइतक्या उंचीवर आणून फक्त वाटेकडे वळवलं. फाटकाशी एक झुडूप माजलं होतं, माणूस लपेल एवढं. ते वायरमननं छाटलं, पण मावशींनी त्याला आपल्या कापडाच्या कात्रीला हात लावू दिला नाही. पुढच्या दाराला आतून कडी लागली आणि बाहेर पाटी, 'थांबा, आलेच.' गिऱ्हाइकांचा मोठा आरसा असा वळवला, की मशीनवर बसल्या बसल्या दार दिसावं. माझं तोंड मशीनच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगलं.

रविवारी लेक आली. हातात रिकामी बॅग. फाटक तिनं आवाज न करता उघडलं आणि भिंतीला चिकटून, मांजरीच्या पावलांनी निघाली. पण मी पाहिलंच! असा ओरडलो, की मशीन जागच्या जागी थांबलं. लेकीनं दारावर हात उचलला, तोच कडी निघाली. दारात मावशी, गळ्यात टेप.

"ये," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर बॅगेवर गेली. "बॅग कशाला आणलीस?"

लेकीनं कडी पाहिली, आरसा पाहिला, खिळ्यावर टांगलेलं माझं तोंड पाहिलं. बॅग पुढे केली. "बंद उसवलाय गं. शिवून दे."

मावशींनी बंद ओढून पाहिला. चांगला मजबूत होता. तरी त्या मशीनवर बसल्या आणि त्यावर दुहेरी शिलाई घातली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं झाकण फुटलंय, ते इलॅस्टिकनं बांधलंय. पण दर महिन्याला मावशी माझ्या डोळ्यावरची धूळ पुसतात, सेल बघतात आणि फाटकापासून स्वतः चालत येऊन मी ओरडतो का ते तपासतात. मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्या घरी असेल आणि सारखा ओरडत असेल, तर त्याचं तोंड बांधण्याआधी त्याच्या डोळ्यापुढे काय आहे ते एकदा बघा. आणि दाराला कडी लावा. घर राखणं माझ्या एकट्याचं काम नाही.

लेक अजूनही न सांगता येते. दुहेरी शिलाईची तीच बॅग असते, पण आता ती भरलेली असते. चांगली चार दिवस आईकडे राहायला येते.