नावानिशी पुकारलेली भेट

"आधी उलटी करून बघ गं. वरून सगळ्यांचीच चटई छान दिसते."

आईला जाऊन तीस वर्षं झाली होती, पण बेटावरच्या गावाच्या भर सभागृहात फुआतीनोच्या कानात तिचा आवाज जसाच्या तसा आला. समोर गावाच्या वतीने बोलणारा वक्ता लेओता ऑकलंडहून आलेल्या भेटी एकेक करून पुकारत होता. दोन पेट्या डबाबंद मटण, एक पंखा. मग त्याने बोटभर पेन ड्राइव्ह उंच धरला.

"आणि आपल्या उइलीकडून, आपल्या खेळासाठी, त्याने स्वतः बांधलेला नवा सर्व्हर."

सभागृह टाळ्यांनी भरलं. फुआतीनोनेही टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे नावानिशी पुकारलेली भेट कुणी उलटीसुलटी करून बघत नाही. तसं करणं म्हणजे देणाऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणणं.

फुआतीनो फेरीबोटीच्या धक्क्यावर बावीस वर्षं तिकिटं फाडत होती. खेळ होता संगणकावर होड्या हाकायचा, बेटं वसवायचा. काढणाऱ्या कंपनीने तो बारा वर्षांपूर्वी बंद केला, तेव्हा गावाने हळहळून सोडून दिलं. हिने नाही सोडलं. जगभरच्या हौशी लोकांनी त्याचा कोड नव्याने लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. तो हिने वाचला, चुकतमाकत शिकून घेतला आणि मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर गावाचा स्वतःचा सर्व्हर बांधला. तेव्हापासून दर शनिवारी अर्धं गाव इथून, अर्धं ऑकलंड-ब्रिस्बेनहून एकाच समुद्रावर यायचं. सर्वांत वेगवान होडी लेओताची, आणि सर्वांत मोठ्या बढायाही त्याच्याच.

पण हल्ली तिसाच्या वर माणसं आली की तो सर्व्हर धापा टाकायचा. म्हणून चुलतभाऊ उइलीची ही भेट.

घरी येऊन तिने पेन ड्राइव्ह उघडला. आत चिठ्ठी होती: व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम आधी बंद करा, मग हे चालवा. तिचा हात थांबला. तिने फोन लावला.

"उइली, हे तूच बांधलंस ना? मग मूळ कोडही पाठव की."

"पाठवतो गं ताई. भावावर विश्वास नाही होय?"

आठवड्याने तिने पुन्हा विचारलं, तो पुन्हा हसला. कोड आलाच नाही. इकडे लेओता रोज तिकीट-खिडकीवर डोकावून म्हणायचा, "काय बाई, शिळंच वाढणार का अजून?"

शेवटी तिने बारा वर्षांचा समुद्र, होड्या-बेटांसकट, एका वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवला आणि उइलीचं चालू केलं.

दोन शनिवार गलबतं भरधाव गेली. तिसऱ्या शनिवारी एक अनोळखी खेळाडू आला, सर्व्हरच्या मालकाचे सगळे हक्क घेऊन. ते खातं फुआतीनोने कधी उघडलंच नव्हतं.

"हा कुणाचा पाहुणा?" लेओताने विचारलं. उत्तर म्हणून त्याची होडी बुडाली. मग दुसरी. मग बेटं, त्यांवरची घरं, नीरफणसाची झाडं. "अगं फुआतीनो, बघतेस काय," लेओता म्हणेपर्यंत तिने तार उपटली होती.

खेळाचा कोड लिहिणाऱ्यांना तिने विचारलं. उत्तर लगेच आलं: तयार बांधून आलेलं होतं का? मग ते कुणी बांधलं, आत चोरदार कुठे ठेवलं, आम्हाला ठाऊक नाही. सगळं पुसा. पहिल्यापासून बांधा.

गावात बोलणं झालं, "तिकिटं फाडणाऱ्या बाईच्या हाती पोराची एवढी भेट दिली, बिघडवलीन." फुआतीनोने ऐकून घेतलं. उइलीचं नाव पुकारलेलं होतं. त्यावर तिला बोट ठेवायचं नव्हतं.

तिने संगणक कोरा केला. रोज पहाटे, पहिल्या बोटीच्या आधी, त्यांनी जास्त गर्दीसाठी सुधारलेला नवा कोड ओळीओळीने वाचायचा आणि संगणकाला बांधायला लावायचा. वीज जायची, अर्धं काम वाया जायचं, पुन्हा मांडायचं. चटया विणणाऱ्या बायकांनी तिच्यावर गाणंच रचलं:

*फुआतीनोची गं भट्टी, धूर नाही, जाळ नाही,*
*बसून राहिली पंगत, शिजण्याला वेळकाळ नाही.*

"चाल चुकली तुमची," ती म्हणाली, आणि दुसरी ओळ त्यांच्यापेक्षा मोठ्याने गायली.

नवव्या दिवशी सर्व्हर उभा राहिला. तिने कपाटातली डिस्क काढली. मधल्या तीन आठवड्यांचा खेळ गेला, पण आधीची बारा वर्षं शाबूत होती. यादीतली नावं तिने एकेक करून वाचली. ज्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तेवढंच ठेवलं; त्रेसष्ट राहिली. जुने पासवर्ड चोराच्या हाती लागले असणार, म्हणून सगळ्यांना नवे दिले. गावातल्यांना तिकिटासोबत घडी घालून, परदेशातल्यांना फोनवर, आवाज ओळखून.

शनिवारी दुपारी सभागृहाच्या भिंतीवर समुद्र उघडला. वीस माणसं आली, चाळीस आली, त्रेसष्टच्या त्रेसष्ट आली, आणि होड्या पाण्यावरून अशा निघाल्या की वारा मागे पडावा. लेओता आपल्या होडीकडे बघत नुसताच डोळे पुसत राहिला.

तेवढ्यात फुआतीनोच्या पडद्यावर एक ओळ उमटली. तोच अनोळखी, मालकाच्या नावाने. प्रवेश नाकारला. पुन्हा आला. नाकारला. ती मोठ्याने वाचत गेली, लोक मोजत गेले. एकेचाळीस वेळा दार ठोठावलं त्याने.

"सांग त्याला, आधी तिकीट काढ म्हणावं," लेओता म्हणाला, आणि सभागृह हसून हसून आडवं झालं. मग आवाज पाडून तो म्हणाला, "बाई, बिघडवलंस तेही तूच आणि सावरलंस तेही तूच. झालं गेलं सोडून देऊ."

 फुआतीनोने कोकोचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

परदेशातल्यांचे आवाज ज्यातून यायचे, त्या स्पीकरमधून खोकल्याचा आवाज आला.

"लेओता, उइली बोलतोय. ते मी बांधलं नव्हतं. कुठल्याशा साइटवरचं तयार उचललं आणि स्वतःचं म्हणून पाठवलं. ताईने दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा खोटं बोललो. तिने काही बिघडवलं नव्हतं."