एक जूनचा अंगद

मी शाळा सोडल्याचा दाखला बोलतोय. आमच्याकडं एवढ्या लांब नावानं मला कुणी हाक मारत नाही, 'टीशी' म्हणतात. गोल शिक्का, हेडमास्तरांची सही, अन् खाली बारीक अक्षरात दम भरलेला, की माझ्यात कुणी बदल केला तर कायदेशीर कारवाई होईल. असा मी रुबाबदार माणूस. म्हणजे माणूस नाही, कागद. पण गेल्या वर्षापासून माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. मी खरा की खोटा, हेच मला उमजेना. ऐका अन् तुम्हीच सांगा.

माझा जन्म सिरसाळ्याजवळच्या एका गावातल्या शाळेत झाला. माझी आई म्हणजे शाळेचं जाडजूड रजिस्टर. तिच्या पानावरून बघून बघून मला लिहिलं: अंगद आश्रुबा तिडके, जन्मतारीख एक जून. आकड्यात लिहिलं अन् खाली अक्षरातही लिहिलं. आता एकच गोष्ट दोनदा लिहिल्यावर ती खोटी कशी असेल? मी तरी असंच समजून होतो.

पण आईनं मला एक गोष्ट सांगितली होती. अंगदची माय सुंदरबाई त्याला शाळेत घालायला आली, तेव्हा गुरुजींनी विचारलं, "जन्मतारीख?"

"उसाच्या फडात झालाय, गुर्जी. पाचटाच्या कोपीत. लई थंडी व्हती."

"तारीख, बाई, तारीख!"

"फडात कुठली आलीय तारीख?"

गुरुजींनी अंगदला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाला टेकली. झाली सहा वर्षं पुरी, घ्या लिहून एक जून! शाळा जूनमध्ये भरते, पोरगंही जूनमध्येच जन्मलं की काम सोपं. त्या पानावर वरपासून खालपर्यंत सगळी लेकरं एक जूनचीच होती म्हणे. मला वाटलं, असेल बुवा, त्या दिवशी गावातल्या सुइणींना जेवायलाही सवड मिळत नसेल.

पुढं अंगद आयटीआय शिकला, साखर कारखान्यात फिटर झाला अन् दहा वर्षांखाली आफ्रिकेत, युगांडात गेला. तिथंही उसाचे मळे, तिथंही कारखाना, तिथंही मळीचा तोच वास. त्याच्या पासपोर्टवरची तारीख माझ्यावरूनच घेतलेली, त्यामुळं फाईलीत पासपोर्ट माझ्याशी जरा दबून असायचा. आम्ही इथून निघालो तेव्हा मे महिना, विहिरीत दगड दिसत होते. तिथं उतरलो तर जिकडं तिकडं हिरवंगार. पाऊस वर्षातून दोनदा येतो, केळी कच्चीच उकडून खातात, अन् थंडी म्हणून काही प्रकारच नाही. मी पहिल्याच महिन्यात सादळून गेलो. मागून अंगदची बायको शिवकन्या आली. त्यांची लेक सायली तिकडंच जन्मली. ती शेजारच्या लेकरांशी त्यांच्या भाषेत भांडते अन् रडताना मात्र मराठीत रडते.

अंगदनं ठरवलं, आता इथंच कायमचं राहायचं. तशी परवानगी मिळते. मिळाली तर दर थोड्या दिवसांनी मुदत वाढवायची कटकट मिटते. नाही मिळाली तर बाडबिस्तारा गुंडाळा, पोरीची शाळा मोडा अन् परत या. त्यानं अर्ज केला. त्याच्याच कारखान्यातला, शेजारच्या खोलीत राहणारा गेवराईचा हरिओम, त्यानंही केला. दोघं एकाच दिवशी आम्हाला घेऊन हापिसात गेले.

तिथल्या मॅडमनं माझं इंग्रजी भाषांतर वाचलं. मग हरिओमच्या दाखल्याचं वाचलं. मग अंगदच्या अर्जाला जोडलेल्या शिवकन्येच्या दाखल्याचं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, पण मी आपल्या भाषेत सांगतो.

"तुम्ही तिघं एकाच दिवशी जन्मलात?"

"वर्षं वेगळी आहेत, मॅडम," अंगद म्हणाला.

"पण दिवस एकच?"

खरं सांगावं तर अंगदचा पासपोर्ट खोटा पडतो. "आमच्याकडं तशी पद्धत आहे, मॅडम," तो म्हणून गेला.

"जन्मायची?"

मला तर फाईलीतच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम काही हसल्या नाहीत. त्यांनी बजावलं, तीन महिन्यांत दोघा अर्जदारांनी जन्माचा सरकारी दाखला आणा. तो नसेल तर आईचं शपथपत्र. नाहीतर अर्ज रद्द.

हरिओम बाहेर येऊन पायरीवरच बसला. त्याची आई चार वर्षांखाली वारली होती. "तुझी सांगनारी हाय बे अजून," तो अंगदला म्हणाला. "माझं कोन सांगनार?"

अंगद मला घेऊन गावी आला. जन्माची नोंद ना इथं, ना ज्या गावच्या फडात तो जन्मला तिथं. 'नोंद आढळून येत नाही' असा एक कागद तेवढा मिळाला. मला त्याची कीव आली. बिचाऱ्याचा जन्मच 'नाही' म्हणण्यासाठी झालेला. मग उरली सुंदरबाई.

ती शेळीपुढं पाला टाकत होती. अंगदनं तिला शपथपत्र वाचून दाखवलं: "मी शपथेवर लिहून देते की, माझा मुलगा अंगद याचा जन्म एक जून रोजी झाला आहे."

"न्हाई," सुंदरबाई म्हणाली.

"काय न्हाई?"

"जूनात न्हाई झाला तू. पुसाच्या महिन्यात झालास. शपथ घिऊन खोटं कावून बोलू?"

"माय, सगळ्या कागदावर तसंच हाय."

"कागदाला कळा आल्या व्हत्या का?"

अंगदनं शपथपत्राची घडी घातली अन् ते माझ्याशेजारी फाईलीत कोंबलं.

दोन दिवस माय-लेकात धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता सुंदरबाईनं हळूच विचारलं, "कायमचं म्हंजी किती वरीस रं?"

"कायमचं म्हंजी कायमचं, माय."

"मंग तू हितला न्हाईस का?"

"हितलाच की. पासपोर्ट हितलाच राहतो."

"ऱ्हानार तिथं, अन् हाईस हितला?"

अंगद चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारत बसला.

"अंगठा दिला की तू गेलास," सुंदरबाई म्हणाली, "न्हाई दिला तर लेकीची शाळा मोडली. काय करावं मानसानं?" तिनं भाकरी उलटली. भाकरी करपली होती. सुंदरबाईची भाकरी करपली म्हणजे नक्की काहीतरी बिनसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. "चल," म्हणाली.

परळीला एका वकिलाच्या टेबलापुढं आम्ही बसलो. वकिलानं मजकूर वाचला अन् शाईचं पॅड पुढं सरकवलं. सुंदरबाईनं हात पदरात घेतला.

"देते. पर आदी ऐका. वकीलसाहेब, तुमी बी ऐका." अन् मग अंगदकडं बघून ती बोलायला लागली. "अमुशा होऊन पुसाचा तिसरा दिस व्हता. दिस बुडायला कळा सुरू झाल्या. कोपीच्या तोंडातून चंद्राची कोर दिसत व्हती, नखाएवढी. ती बुडायच्या आत तू झालास. सकाळी गाडी भरायची व्हती, मुकादम बोंबलत आला. तुझा बाप म्हनला, आज माझा कोयता चालनार न्हाई. सबंध हंगामात त्यानं तेवढाच एक खाडा केला. लिहा हे."

"आजी, हे यात लिहिता येत नाही हो," वकील म्हणाला.

"मंग नगा लिहू. ज्याला कळायचं त्याला कळलं." तिनं अंगठा टेकवला.

अंगद अडतीस वर्षांचा बाप्या, पण त्या टेबलापाशी लहान लेकरासारखा रडला. इतक्या वर्षांत त्यानं कधी विचारलंच नव्हतं, कारण मी होतो ना! त्याला वाटायचं, माझ्यावर सगळं लिहिलेलं आहे. मला माझीच लाज वाटली. सुंदरबाई शपथेवर खोटं बोलली, अन् एवढं खरं माझ्यादेखत आजवर कुणीच बोललं नव्हतं. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

परवानगी मिळाली. हरिओमला नाही मिळाली. त्याच्या मावशीला विचारलं, पण तिला काही आठवेना. तो गेवराईला परत गेला. कारखान्यात त्याच्या जागी दुसरा माणूस आला, तरी जेवायच्या सुट्टीत अंगद अजून त्याची जागा धरून ठेवतो.

मी आता युगांडातल्या एका लोखंडी कपाटात असतो. शेजारी अंगदचं नवं कोरं कार्ड आहे. त्याच्यावरही एक जूनच. त्या दिवशी कारखान्यातली माणसं केक आणतात, अंगद निमूटपणे कापतो. त्याच्याकडं बघून मलाच चुकल्यासारखं होतं.

तुमच्यात कुणी एक जूनचा असेल तर बाबांनो, सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. मला विचारू नका. मला लिहिलेलं तेवढंच ठाऊक.

परवा पुसाची, म्हणजे पौषाची, तीज होती. अंगदनं अर्धी सुट्टी काढली अन् चार वाजल्यापासून फोन घेऊन बसला. तिथं अजून लख्ख ऊन होतं. गावाकडं मात्र दिवस मावळलेला.

"माय, दिसली का?"

"थांब, ढग हाय." बराच वेळ फोनमधून नुसता शेळीचा आवाज येत राहिला. शिवकन्याही हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

मग सुंदरबाईचा आवाज आला. "दिसली रं. झालास तू."